पात्याचं अक्षर

काशिराम घरतच्या अक्षरात गोल असं काहीच नव्हतं. 'व'चं पोट म्हणजे त्रिकोण, 'ळ' म्हणजे पाठीला पाठ लावून ठेवलेली कुऱ्हाडीची दोन पाती, 'म'ची गाठ चौकोनी, आणि वरची रेघ बोटभर जाड, दोन्ही टोकांना तिरकी छाटलेली. लांबून बघितलं तर नाव वाचायच्या आधी त्याची धार दिसायची. पनवेल नाक्यापासून उरणपर्यंतची पोरं त्या अक्षराला 'पातं' म्हणायची. दुकानात शिरायची आणि नुसतं सांगायची, "काका, पात्यात टाका."

हे अक्षर काही त्यानं बसून शोधून काढलं नव्हतं. बापाची मिठागरं नव्या शहरासाठी सरकारनं घेतल्यावर तो एका पेंटरकडे बोर्ड रंगवायला शिकला, आणि पुढे रेडियमची कामं येऊ लागली तेव्हा ब्रश ठेवून त्यानं कटर हातात घेतला. रेडियम म्हणजे उजेड पडला की चमकणारा चिकट कागद. त्यावर ब्रशासारखं वळता येत नाही. गोल कापायला जावं तर कड फाटते, आणि फाटलेली कड उन्हात महिनाभरात सुटते. मग काशिरामनं ठरवलं की पात्याला जे जमत नाही ते करायचंच नाही. सगळं सरळ कापायचं, वळण आलं की मोडायचं. ट्रकवाले खूश झाले, कारण त्याची अक्षरं दोन-दोन पावसाळे टिकायची.

मग जमिनींना भाव आला. गावोगाव उंच काळ्या गाड्या आल्या, आणि त्या गाड्यांना साधं अक्षर कुणाला आवडेना. काचेवर 'आई', बॉनेटवर आडनाव, मागे गावाचं नाव, सगळं पात्यात. क्रिकेटच्या टीमचे टी-शर्ट, व्यायामशाळांचे बोर्ड, लग्नात वाजणाऱ्या डीजेचे खोके, शर्यतीच्या बैलगाड्या, सगळीकडे तेच. एकदा एका शाळेनं 'शांतता राखा' अशी पाटी करून घेतली आणि चार दिवसांत परत पाठवली. बाई म्हणाल्या, "पहिलीची मुलं घाबरतात हो." एकदा कुणी श्रद्धांजलीचा बोर्ड मागितला, तेव्हा काशिरामनं स्वतःच नकार दिला. गेलेल्या माणसाच्या नावाला टोकं कशाला, असं त्याला वाटलं.

आकड्यांत मात्र एक अडचण होती. गोलाई काढून टाकली की १ आणि ९ जुळे भाऊ दिसतात. दोघांचं डोकं तेच, शेपटी तीच. म्हणून काशिराम नऊच्या डोक्यात कटरच्या टोकानं एक चीर ठेवायचा, तांदळाच्या दाण्याएवढी. तेवढीच काय ती खूण. अशा नंबरप्लेट लावायला कायद्यानं मनाई होती, पण पोरं दंड भरत आणि तशीच फिरत. काशिरामनंही ते फारसं मनावर घेतलं नव्हतं.

त्याच्या मुलीचं नाव पूर्वी. ती कॉम्प्युटर शिकली. दोन हजार नऊ साली दुकानात कापायचं मशीन आलं, तेव्हा तिनं बापाची सगळी अक्षरं स्कॅन केली आणि सहा महिने खपून त्यांचा फॉन्ट केला. मशीनचं पातं नऊच्या चिरेत अडकायचं, म्हणून तिनं चीर काढून टाकली आणि शेपटी जराशी लांब केली. मशीन दुरुस्त करायला आलेल्या माणसानं तो फॉन्ट पेनड्राइव्हवर उचलून नेला. वर्षभरात कळंबोलीपासून अलिबागपर्यंतच्या दुकानांत पातं पोचलं. पूर्वी चिडली. काशिरामला आधी वाईट वाटलं, मग रस्त्यानं जाताना अनोळखी गाडीवर आपलं अक्षर दिसलं की तो मनातल्या मनात सुखावायला लागला.

मशीन आल्यावर त्यानं हातानं कापणं जवळजवळ सोडलं. एकदाच कापलं, धर्मराजच्या नव्या गाडीसाठी. धर्मराज म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा, कोन गावच्या कृष्णाबाईचा एकुलता एक मुलगा. पहिली ते सातवी तो मामाच्या घरी राहून पनवेलच्या शाळेत शिकला होता. आता बांधकामांना माती-खडी पुरवायचा. त्यानं हौसेनं ९१९१ नंबर मिळवला, तेव्हा काशिराम म्हणाला, "भाच्याच्या गाडीला मशीनचं काम नको." काळ्या प्लेटवर चंदेरी रेडियम, एकेक आकडा हातानं कापून बसवलेला.

दोन हजार बाराच्या फेब्रुवारीत एका मंगळवारी धर्मराज मोटारसायकलवरून दुकानात आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन्ही प्लेटा त्यानं टेबलावर ठेवल्या.

"मामा, याच्या जागी साध्या करून दे. सरकारी नमुन्याच्या. पोलीस लय तरास देतात हल्ली."

"गाडी कुठं हाय?"

"गॅरेजला."

"आनि या जुन्या?"

"टाक फेकून."

काशिरामनं अर्ध्या तासात नव्या प्लेटा करून दिल्या. चहा मागवला होता, तो धर्मराजनं घेतला नाही. तो गेल्यावर जुन्या प्लेटा कचऱ्यात टाकायला काशिरामचा हात धजेना. त्यानं त्या रेडियमच्या गुंडाळ्यांमागे सरकवून ठेवल्या आणि कामाला लागला.

पुढच्या सोमवारी दुपारी एक मुलगी आली. बावीस-तेवीसची, औषधाच्या दुकानात काम करणारी. अंगावरचा पांढरा कोट तसाच होता. तिचं नाव शकू. तिची आई हौसा करंजा गावची कोळीण. रोज सकाळी मार्केटातून मासळी घेऊन खांदा कॉलनीत दारोदार विकायची. मागच्या सोमवारी सकाळी साडेसातला एका काळ्या गाडीनं तिला उडवलं होतं आणि गाडी निघून गेली होती. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं.

"मागून येणाऱ्या एका रिक्षावाल्यानं नंबर सांगितला, अकरा अकरा," शकू म्हणाली. "पोलिसांनी शोधला तर तो पेणकडच्या एका शेतकऱ्याच्या टू-व्हीलरचा निघाला. आता ते म्हणतात, नंबर खोटा असणार. पण काका, आईनं नंबरप्लेट अगदी जवळून बघितलीय. तिला वाचता येत नाही, पण जसं दिसलं तसं तिनं काढून दिलंय. सकाळपासून मी रेडियमची दुकानं फिरतेय. हे अक्षर कोण काढतं, तेवढं सांगा."

तिनं घडी घातलेला कागद उघडला. कधी पेन न धरलेल्या हातानं काढलेले चार आकडे. रेघा थरथरलेल्या होत्या, पण जाडी बरोबर होती, टोकांची तिरकी छाट बरोबर होती. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याच्या डोक्यात तिनं एक-एक बारीक रेघ सोडली होती.

नऊ एक नऊ एक. काशिरामनं मनातल्या मनात वाचलं.

"हे अक्षर आता सगळीकडं झालंय," तो म्हणाला. "कॉम्प्युटरमध्ये आलंय ना. चाळीस दुकानांत तरी असंल. कुनाचं म्हनून सांगू?"

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. त्यानं कागद शकूला परत दिला. तिनं भिंतीवरच्या नमुन्यांकडे एकवार बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि ती पुढच्या दुकानाकडे गेली.

त्या संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्यानं पूर्वीला विचारलं, "आपलं अक्षर किती ठिकानी गेलं असंल गं?"

"आता कोण मोजणार? चाळीस, पन्नास. जास्तच."

"त्यातलं कुनी हातानं कापत असंल का?"

पूर्वी हसली. "हातानं? तुमच्याशिवाय कोण कापणार, बाबा?"

त्याची बायको सोनाबाई भाकरी वाढता वाढता थांबली. नवऱ्याचा चेहरा तिला वाचता यायचा. त्यानं ताट पुढे ओढलं.

पुढचे काही दिवस तो दुकानात नुसता बसून राहायचा. दुसऱ्या कुणी चिरेची नक्कल केली असेल, असं त्यानं स्वतःला सांगून बघितलं. मग दुपारी शटर अर्धं ओढून त्यानं गुंडाळ्यांमागच्या प्लेटा काढल्या. चिरा तिथंच होत्या, त्याच्याच हाताच्या. गाडीला काय झालं म्हणून ती गॅरेजात होती, हे त्या मंगळवारी आपण विचारलं नाही. का विचारलं नाही, याचं उत्तर त्याला शोधावं लागलं नाही.

सहाव्या दिवशी तो पत्ता काढत खांदा कॉलनीच्या मागच्या चाळीत गेला. दार शकूनं उघडलं. तिला फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"त्या दिवशी कागद परत देताना तुम्ही आकडे खाली करून, उलटा दिलात, काका," ती म्हणाली. "बाकी सगळ्यांनी होता तसाच दिला. मला वाटलंच होतं, तुम्ही याल म्हणून."

तो चपला काढून आत गेला.

हौसा पलंगावर उशांना टेकून बसली होती. पन्नाशीची बाई, पाय लोखंडी सळ्यांत अडकवलेला. रेडियमवाले काका म्हटल्यावर तिनं त्याला बसायला सांगितलं आणि विचारायच्या आधीच बोलायला लागली. बरेच दिवस कुणी ऐकून घेतलं नसावं.

"गाडी थांबली ना, दादा. उडवली आनि जरा पुढं जाऊन थांबली. मना वाटला, उचलतील. मानूस उतरला. मी पडलेली, मना तोंड नाय दिसला, पाय दिसलं. कोल्हापुरी चपला, नव्या. माजी पापलेटा सगळी रस्त्यावर पसरलेली. त्यातनं तो पाय उचलून उचलून चालत आला. चपलंला लागू नये म्हनून. माज्याकडं बघितला. मग तसाच पाय उचलून उचलून मागं गेला आनि गाडीत बसला."

काशिराम खाली बघत होता.

"मना उठता येईना. ती पाटी समोर. मी तीच बघत होती, दुसरा काय बघनार? आकडं कसलं, मना वाटला खेकडं बसल्यात वळीनं."

"ह्या ज्या रेघा काढल्यास तू," काशिरामनं विचारलं, "त्या दिसल्या तुला?"

"दिसल्या तर. बाकी सगळा उन्हात चमकत होता, तेवढीच रेघ काळी." तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. "तुमी वळखता काय ते अक्षर?"

"बघतो," काशिराम म्हणाला. तो उठला आणि चपला घालून निघाला.

तिथून तो घरी गेला नाही. रिक्षा करून थेट कोनला गेला. धर्मराज नव्या बंगल्याच्या पुढच्या अंगणात फोनवर बोलत होता. मामाला बघून त्यानं फोन ठेवला. आतून कृष्णाबाईनं हाक दिली, "काशा आलाय काय रं? च्या ठेवते."

काशिराम हळू आवाजात म्हणाला, "त्या बाईला तू बघून आलास. खाली उतरून."

धर्मराजनं मागे दाराकडे बघितलं. "मामा, ती जिवंत हाय ना?"

"तू उतरला होतास."

"घाबरलो मी. काय करनार होतो? लोक जमले असते तर मारला असता मना." तो जवळ आला. "आता झालं ते झालं. रिक्षावाल्याला नंबर वाचता नाय आला. तुज्या अक्षरानं वाचवलं बघ. मी नारळ फोडला ना देवाला, तवा तुज्या नावानं पन एक फोडला."

तो मनापासून बोलत होता. डोळ्यांत पाणी होतं. लहानपणी ताप आला की असंच त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. काशिरामला त्याच्या अंगावर हात उगारावासा वाटला आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसं वाटलं.

"तू चौकीत चल. मी येतो संगती."

"आनि आयला काय सांगू? जा, तूच सांग तिला. आतच हाय."

काशिराम दारापर्यंत गेला. आत स्टोव्हपाशी बहिणीची पाठ दिसत होती. तो मागे फिरला आणि चहा न घेताच निघून आला.

आणखी सहा दिवस तसेच गेले. दुकान उघडायचं, मशीन चालवायचं, घरी यायचं. सोनाबाईला त्यानं सगळं सांगितलं होतं. ती रडली आणि म्हणाली, "तुमी काय बी करा, एक घर तुटनार." बोल, असंही ती म्हणाली नाही आणि गप्प बस, असंही नाही.

शनिवारी सकाळी दोन पोरं आली. गाडी नवी होती, प्लेटा कोऱ्या.

"काका, आपल्याला ती करून द्या," एक जण म्हणाला. "वाचता न येनारी."

"कसली?"

"पात्यातली. धर्मादादाची होती ना, तशी. लय कामाची हाय, बोलले सगळे."

काशिरामनं हातातला कटर टेबलावर ठेवला. चोवीस वर्षं तो ते अक्षर कापत होता. टिकतं म्हणून लोकांनी घेतलं, दिसतं म्हणून घेतलं, रुबाब येतो म्हणून घेतलं. वाचता येत नाही म्हणून कुणी मागायला येईल, असं त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

"नाय करत," तो म्हणाला. "जा तुमी."

पोरं कुरकुरत गेली. पूर्वी मशीनपाशी बसून सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, "धर्मादादाची म्हणजे? काय झालंय, बाबा?"

त्यानं गुंडाळ्यांमागून प्लेटा काढल्या आणि तिला सगळं सांगितलं. पूर्वीचा चेहरा उतरला. बराच वेळ तिनं अंगठ्यानं नऊवरची चीर चाचपली. मग तिनं मशीन बंद केलं, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "चला. मी येते तुमच्याबरोबर."

चौकीत हवालदारानं प्लेट हातात घेतली आणि आधी अकरा अकराच वाचलं.

"नऊ एक नऊ एक," काशिराम म्हणाला. "ही चीर बघा, साहेब. नऊलाच असते."

हवालदार उठून खिडकीपाशी गेला, प्लेट उन्हात तिरकी धरली आणि खुर्चीत येऊन बसला.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच कापलंय."

"असं कापणं गुन्हा आहे. तेही लिहावं लागेल."

"लिहा."

"गाडी कुणाची?"

काशिरामनं नाव सांगितलं, गाव सांगितलं.

"तुमच्या ओळखीचा?"

"भाचा. सख्ख्या बहिनीचा."

हवालदारानं पेन थांबवलं आणि पूर्वीकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती. त्यानं पाण्याचा ग्लास काशिरामपुढे सरकवला आणि पुन्हा लिहायला सुरुवात केली.

धर्मराजला त्याच संध्याकाळी धरलं. दुसऱ्या दिवशी जामीन झाला. गाडीचा पुढचा भाग नवा बसवलेला होता, त्याची पावती गॅरेजात मिळाली, आणि मग नाकारण्यासारखं काही उरलं नाही. धर्मराजनं घरी सांगितलं की धक्का लागलेला आपल्याला कळलाच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी कृष्णाबाई आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. सोनाबाईनं पाट मांडला, तो तिनं पायानं बाजूला सारला.

"पोराला कळलंच नव्हतं धक्का लागलेला," ती म्हणाली. "कुनालाच नंबर वाचता नाय आला. तुला एकट्याला आला. मग गप्प का नाय राहिलास?"

"राहिलो होतो, बाय. बारा दिस राहिलो."

"मग जलमभर राहायला काय झालं होतं?"

तो तिला सांगू शकला असता की तुझा पोरगा खाली उतरला होता. मासळी चुकवत चालत आला होता, बघून गेला होता. शब्द ओठांपर्यंत आले. पण बहीण साठीला आली होती, तिचा नवरा जाऊन फार दिवस झाले नव्हते, आणि पोराला काही कळलं नव्हतं हाच तिचा एक आधार होता. काशिराम गप्प राहिला. ती आल्या पावली परत गेली.

त्यानंतर कोनकडच्या वाटा बंद झाल्या. धर्मराजच्या साखरपुड्याला बोलावणं नाही, लग्नाला नाही. गावची पोरं दुकानात यायची थांबली. अक्षर मात्र थांबलं नाही, कारण ते मिळवायला काशिरामची गरज उरली नव्हती. पूर्वीनं आकडे नव्यानं काढले, १ आणि ९ कुणालाही लांबून कळतील असे, आणि सीडीवर घालून ती दुकानोदुकानी फिरली. कुणी ठेवून घेतली, कुणी चहा पाजून वाटेला लावलं. कळंबोलीचा एक जण तोंडावर म्हणाला, "ताई, आमच्या गिऱ्हाइकाला जुनेच पाहिजेत." काशिरामनं स्वतः नंबरप्लेट करणं कायमचं सोडलं. नावं तेवढी करायचा.

मधे एकदा तो हौसाकडे गेला आणि त्यानं सरळ सांगितलं, की शकू पहिल्यांदा दुकानात आली तेव्हाच मी ओळखलं होतं. हौसा काठी धरून दोन पावलं चालायला लागली होती.

"ठाव हाय मना," ती म्हणाली. "शकू बोलली." तिनं काठी भिंतीला टेकवली आणि ती म्हणाली, "माजा पोरगा असता तर मी बी लपवला असता." आणि मग, "पन मी बरी नसती वागली." तिनं त्याला माफ केलं की नाही, हे काशिरामला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. पुढे ती मार्केटात एका जागी स्टुलावर बसून मासळी विकू लागली. दारोदारचं फिरणं संपलं.

केस चालली. निकाल लागायला तीन वर्षं गेली. धर्मराजला शिक्षा झाली, त्यानं अपील केलं, ते अजून पडून होतं. पण काशिरामच्या मनात राहिलं ते निकालाच्या आदल्या वर्षाचं, हौसाच्या साक्षीनंतरचं.

त्या दिवशी कोर्टात कृष्णाबाई मागच्या बाकावर बसली होती. हौसानं काठीवर रेलून तेच सांगितलं जे पलंगावर सांगितलं होतं. चपला, पापलेटं, पाय उचलून उचलून येणं आणि तसंच जाणं. वकिलानं तिला दोन-तीनदा अडवलं. ती थांबायची आणि जिथं थांबली तिथून पुढे सुरू करायची. काशिरामनं मागे वळून बहिणीकडे बघितलं नाही. बाहेर आल्यावर ती कुठं दिसली नाही.

आठवडा गेला असेल. सकाळी दुकानासमोर धर्मराजची काळी गाडी येऊन उभी राहिली. गाडी पोलिसांकडून केव्हाच सुटून आली होती. मागच्या दारातून कृष्णाबाई उतरली. दोन वर्षांत ती वाळली होती. दुकानात न येता फुटपाथवरूनच तिनं हात केला.

गाडीच्या पुढच्या काचेवर, वरच्या बाजूला, या टोकापासून त्या टोकापर्यंत 'कृष्णाई' असं लिहिलेलं होतं. लाल रेडियम, मोठं, पात्यात. कुठल्या तरी दुसऱ्या दुकानातून मशीनवर कापून लावलेलं.

"माजं नाव काढ त्याच्यावरनं," ती म्हणाली.

काशिरामनं गाडीत बघितलं. धर्मराज स्टिअरिंगवर बसला होता. उतरला नाही.

"कुनी बी काढील, बाय. तू एवढ्या लांब..."

"तुज्याकडनंच काढायचं हाय."

त्यानं पूर्वीचा केस वाळवायचा ड्रायर आणला, वायर बाहेर ओढली आणि बॉनेटवर ओणवा झाला. गरम हवा लागली की रेडियम मऊ पडतं, मग पात्यानं टोक उचलायचं आणि हळूहळू ओढायचं. घाईत ओढलं तर तुकडे होतात. 'क'पासून त्यानं सुरुवात केली. काचेच्या पलीकडे हातभर अंतरावर धर्मराजचा चेहरा होता. पहिल्यांदा तो बाजूला बघत होता. मग समोर बघायला लागला. मामाचे हात, पातं, गुंडाळत येणारी लाल पट्टी. 'ष्ण'च्या गुंत्यापाशी काशिरामला वेळ लागला. धर्मराजनं आतून ओठ हलवले. "मामा," असं असावं. काचा बंद होत्या, ड्रायर चालू होता, काही ऐकू आलं नाही. काशिरामनं ड्रायर बंद केला नाही.

शेवटचा 'ई' निघाल्यावर काचेवर डिंकाची पुसट खूण राहिली. नाव अजूनही वाचता येत होतं. त्यानं रॉकेलचा बोळा घेऊन ती खूण दोन-तीनदा पुसली. कृष्णाबाई शेजारी उभी राहून काच निरखत होती.

"तू त्या दिशी दारात आलेलीस," काशिराम म्हणाला. "तवा मना ठाव होतं, तो उतरला होता म्हनून."

"मग बोलला का नाय मना?"

तो रॉकेलचा बोळा चोळत राहिला. पूर्वीनं आतून पाण्याचा तांब्या आणला. कृष्णाबाईनं दोन घोट घेतले, पदरानं तोंड पुसलं आणि गाडीत न बसता ती रिक्षास्टँडकडे चालायला लागली. धर्मराजनं गाडी सुरू केली, तिच्या मागे सावकाश थोडी नेली, हॉर्न वाजवला. ती वळली नाही. ती रिक्षात बसून निघून गेल्यावर गाडी थोडा वेळ तशीच रस्त्याच्या कडेला उभी होती.

संध्याकाळी सोनाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जाताना 'येते' बोलली?"

"नाय," काशिराम म्हणाला. हात धुता धुता तो म्हणाला, "पानी प्याली."

सोनाबाईनं मान हलवली आणि चुलीवरचा भात बघायला उठली.